घोड्याच्या फुप्फुसाचा अर्धवट नकाशा

दम्याच्या घोड्याच्या फुप्फुसात डोकावायचं तर वाट नाकातूनच जाते. आधी गुंगीचं इंजेक्शन. घोडा उभ्या उभ्याच गुंगतो, मान खाली सोडतो. मग जवळपास तीन मीटर लांबीची मऊ नळी एका नाकपुडीतून घशात, तिथून श्वासनलिकेत आणि पुढे जिथे ती अडेल तिथवर सरकवायची. श्वासनलिकेला फाटा फुटतो त्या जागी नळी टेकली की घोडा ढास लागल्यासारखा खोकतो, म्हणून वाटेत बधिर करणारं औषध थोडंथोडं सोडत जावं लागतं. नळी बसली की टोकाजवळचा फुगा फुगवून जागा बंद करायची, पाव ते अर्धा लिटर निर्जंतुक सलाइन आत ढकलायचं आणि लगेच ओढून घ्यायचं. जेवढं सोडलं तेवढं कधीच परत येत नाही. निम्मंअर्धं आलं तरी काम भागतं.

बाटलीत आलेलं पाणी किंचित गढूळ असतं आणि वर फेस धरतो. जाणते पशुवैद्य आधी फेसच बघतात. वायुकोशांना आतून स्निग्ध द्रव्याचा पातळ थर असतो, तो मिटलेले कोश पुन्हा उघडायला मदत करतो. त्या थरातलं द्रव्य पाण्यात उतरलं की फेस येतो. फेस नसेल तर नळी पुरेशी खोल गेलीच नव्हती, असं समजायचं.

या फेसाळ पाण्यात फुप्फुसाच्या पहारेकरी पेशी असतात. निरोगी घोड्यात त्यातल्या बहुतेक मॅक्रोफेज, म्हणजे आलेली धूळ आणि जंतू गिळणाऱ्या पेशी, आणि लिम्फोसाइट. न्यूट्रोफिल असतात, पण शंभरात पाचाच्या आत. घोड्याला तीव्र दमा असेल तर हेच प्रमाण पंचवीसच्या पुढे जातं. आजवर रोगनिदान चालत आलं ते याच मोजणीवर. काचपट्टीवर थेंब पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. मोजणी भरवशाची आणि स्वस्त आहे, ती टाकून द्यायचं काहीच कारण नाही. पण तिच्यातून कोण किती आले एवढंच कळतं. आलेले तिथे काय करताहेत, याचा पत्ता लागत नाही.

तो पत्ता जनुकांच्या हालचालीतून लागतो. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. खुरातही तोच, फुप्फुसातही तोच. फडताळात डाळी-मसाल्यांचे डबे घरोघरी सारखेच असावेत, पण आज कुठले उघडले हे ओट्याकडे पाहूनच कळावं, तसा हा प्रकार आहे. एखादं जनुक उघडलं की त्याची आरएनए नावाची प्रत निघते आणि त्या प्रतीवरून प्रथिन बनतं. पेशीतल्या या प्रती गोळा करून वाचल्या की त्या घटकेला ती पेशी काय करत होती ते दिसतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे वाचन एकेका सुट्या पेशीचं करता येऊ लागलं. माणसाच्या आणि उंदराच्या बाबतीत अशा वाचनांचे ढीग साठले आहेत. घोड्याच्या बाबतीत सुरुवात झाली आहे, चांगली झाली आहे. पण ती अगदी थोड्या घोड्यांवर, त्याही एक-दोन जातींच्या आणि थंड प्रदेशांतल्या तबेल्यांत. आपल्याकडच्या घोड्यांना त्यात जागा नाही, आणि ती मिळवून देणं वाटतं तितकं अवघड किंवा चैनीचं काम नाही, एवढंच इथे मांडायचं आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक घोडी आहे. ट्वायलाइट तिचं नाव, जात थरोब्रेड, राहायला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात. तिच्या रक्तातून घोड्याचा जनुकसंच पहिल्यांदा अक्षर न् अक्षर वाचला गेला आणि २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे २७० कोटी अक्षरं. पुढे २०१८ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, तीही तिचीच. जगातला कुठलाही घोडा तपासला तरी त्याचा जनुकसंच ट्वायलाइटच्या शेजारी ठेवूनच वाचतात. थरोब्रेड म्हणजे शर्यतीचा घोडा, आणि त्याची वंशावळीची वही १७९१ मध्ये छापायला सुरुवात झाली. आज जिवंत असलेल्या सगळ्या थरोब्रेड नरांचा बापाकडून वंश तीन घोड्यांपर्यंत जाऊन थांबतो. इतक्या आखूड गोतावळ्यातल्या एका घोडीवरून अख्ख्या अश्वजातीचं मोजमाप चाललं आहे. ट्वायलाइटचा त्यात दोष नाही. कुठूनतरी सुरुवात करायची असते. पण सुरुवात म्हणजे शेवट नव्हे, हे अधूनमधून बजावावं लागतं.

अक्षरं वाचून झाली तरी कुठल्या ऊतीत कुठलं जनुक जागं असतं हा प्रश्न उरलाच होता. त्यासाठी २०१५ मध्ये पाळीव जनावरांच्या संशोधकांनी एक आंतरराष्ट्रीय उपक्रम जाहीर केला. त्यात घोड्याचं काम मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या आणि नेब्रास्कातल्या विद्यापीठांनी उचललं. दोन निरोगी थरोब्रेड माद्यांपासून त्यांनी सुरुवात केली आणि ऐंशीहून जास्त ऊतींचे नमुने गोठवून ठेवले. पुढे दोन नरांची भर पडली. पैसे मात्र अपुरे. तेव्हा त्यांनी ‘ऊती दत्तक घ्या’ अशी योजना काढली. ज्याला ज्या ऊतीत रस, त्याने त्या ऊतीच्या वाचनाचा खर्च उचलायचा आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवायचे. कुणी स्नायू घेतला, कुणी यकृत. गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्यांना ही रीत कळायला दोन मिनिटं लागणार नाहीत. अमेरिकेसारख्या देशातही घोड्याच्या विज्ञानाला दारोदार जावं लागलं, हे आपल्याकडच्या ‘आमच्याकडे निधीच नाही’ या सुरापुढे लक्षात ठेवलेलं बरं.

दम्याकडे वळू. पूर्वी या रोगाला वेगवेगळी नावं होती. गेल्या दशकात तज्ज्ञांनी सरळ ‘घोड्याचा दमा’ हे नाव मान्य केलं. जुना रोगी लांबूनही ओळखू येतो. श्वास सोडताना पोटाचे स्नायू इतके राबतात की बरगड्यांच्या खालच्या कडेला तिरकी, उठून दिसणारी रेघ पडते. रोग घराण्यात चालतो. आईबापांपैकी एकाला असेल तर संततीला धोका सुमारे तिपटीने वाढतो, दोघांना असेल तर चौपटीच्याही पुढे. मग जनुक सापडायला काय हरकत? स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दोन नावाजलेल्या नर घोड्यांच्या कुटुंबांचा पिढ्यांमागून पिढ्या पाठपुरावा केला, आणि गंमत अशी की एका कुटुंबात धागा तेराव्या गुणसूत्राकडे गेला, दुसऱ्यात पंधराव्याकडे. लक्षणं तीच, खोकला तोच, पण मूळ वेगळं. दोष कुठल्या अक्षरात आहे हे शोधत राहण्यापेक्षा पेशीत शेवटी काय घडतं हे बघावं, असं वाटायला इथे सबळ कारण आहे.

बर्न विद्यापीठातल्या चमूने नेमकं तेच केलं. सोफी सेज, व्हिन्झेन्झ गर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं की फुप्फुसातून धुऊन काढलेल्या पेशी गोठवून ठेवल्या आणि पुढे सवडीने वितळवल्या तरी त्यांचं एकेकटं वाचन होऊ शकतं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण आरएनए फार नाजूक. घोडा तबेल्यात, यंत्र शहरात आणि मध्ये तीन तासांचा रस्ता, ही अडचण या एका कृतीने बरीच हलकी झाली. त्यानंतरच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी तीव्र दमा असलेले आणि नसलेले वॉर्मब्लड घोडे समोरासमोर ठेवले. आजारी घोड्यांच्या पेशींत टीएच-१७ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लिम्फोसाइटांचा ठसा उमटलेला दिसला. या पेशी आयएल-१७ हा संदेश सोडतात आणि तो न्यूट्रोफिलना फुप्फुसात बोलावून आणायला कारण होतो. काचपट्टीवर न्यूट्रोफिलांची गर्दी दिसत होती. तिला बोलावणं कुणी धाडलं, याचा माग आता लागू लागला.

माणसाच्या दम्याशी याचा संबंध जवळचा आहे. आपल्याकडे दमा म्हटलं की ॲलर्जीचा, इओसिनोफिल पेशींचा दमा डोळ्यांपुढे येतो आणि स्टेरॉइडच्या पंपाने तो बहुधा आवरतो. पण तीव्र दम्याच्या काही रुग्णांत न्यूट्रोफिलांचाच भरणा असतो आणि त्यांना पंपाचा गुण कमी येतो. या रुग्णांसाठी प्रयोगशाळेतला उंदीर फारसा कामाचा नाही, कारण उंदराला आपणहून दमा होतच नाही. तो घडवून आणावा लागतो. घोड्याला तो आपसूक होतो, वय वाढता वाढता होतो, वर्षानुवर्षं राहतो. शिवाय घोड्याचं फुप्फुस एवढं मोठं की त्याच जनावराचा नमुना पुन्हापुन्हा घेता येतो आणि जनावर मारावं लागत नाही.

तरी हुरळून जायचं कारण नाही. या अभ्यासांतले घोडे बोटांवर मोजण्याइतके असतात. न्यूट्रोफिलमध्ये आरएनए मुळात कमी, आणि तो तोडणारी विकरं भरपूर, त्यामुळे जी पेशी या रोगात सर्वांत महत्त्वाची तीच वाचनात सर्वांत अस्पष्ट उमटते. माणसाच्या आणि उंदराच्या जनुकांची टोकं जितकी नीट नोंदली आहेत तितकी घोड्याची अजून नाहीत. वाचलेल्या काही प्रती त्यामुळे कुठल्या जनुकाच्या, हे ठरतच नाही. शिवाय जनुकांच्या लांबलचक याद्या छापल्या म्हणजे रोग कळला, असा एक समज या क्षेत्रात बळावतो आहे. यादी म्हणजे चौकशीची पहिली पायरी. आणि ही यादी हाती नसतानाही दम्याच्या घोड्याला उतार पडू शकतो, हे कुठलाही अनुभवी सालोत्री सांगेल.

कारण रोगाची मुख्य ठिणगी गवतात आहे. ओलसर असताना बांधलेल्या, आतून तापलेल्या वाळल्या गवतात बुरशा आणि उष्णता सोसणारे जिवाणू वाढतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही त्यातली ओळखीची बुरशी. पेंढी सोडली, झटकली की त्यांचे बीजकण हवेत उडतात. तबेल्याच्या मध्यावरची हवा मोजली तर धूळ बेताची दिसते, पण घोड्याच्या नाकपुडीशेजारी मोजली तर ती कितीतरी पटींनी जास्त भरते, कारण घोडा तोंड खुपसूनच खातो. आपल्याकडचा तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चंदी सांडत नाही, वाया जात नाही, हे खरं. पण कोरडा भुसा आणि पीठ त्यात असेल तर प्रत्येक श्वासाला ते आत जाणार. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, त्याला नाक हा एकच रस्ता. चंदी ओलवून देणं, गवत भिजवणं, पागा उघडी ठेवणं, घोडा थानावर असताना झाडलोट न करणं, एवढ्यावर बराच फरक पडतो. स्टेरॉइडने श्वास मोकळा होतो, पण तेच धुळीचं गवत पुढे टाकत राहिलं तर न्यूट्रोफिल फुप्फुसात ठाण मांडूनच बसतात. जनुकांच्या भाषेत बोलायचं तर हाक मारणारा दारात उभा असताना बोलावणं बंद होईल कसं?

धूळ एक झाली, जंतू दुसरा. शिंगरांच्या फुप्फुसाची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त चकित करणारी आहे.

स्वीडनमध्ये १९२३ साली माग्नुसन यांनी शिंगरांच्या न्यूमोनियातून एक जिवाणू वेगळा काढला. आज त्याला ऱ्होडोकॉकस इक्वी म्हणतात. तो मातीत आणि लिदीत राहतो, कोरड्या, उन्हाच्या, धुळीच्या दिवसांत हवेत उडतो. काही आठवड्यांपासून साधारण सहा महिन्यांपर्यंतची शिंगरं त्याला बळी पडतात. फुप्फुसात पूभरल्या गाठी होतात. तीच माती हुंगणारी, तीच धूळ ओढणारी त्यांची आई मात्र ठणठणीत. जंतू फुप्फुसात पोचला की मॅक्रोफेज त्याला गिळते, हे तिचं कामच. गिळलेला जंतू ज्या पिशवीत बंद होतो ती एरवी आंबट होत जाते आणि आतलं सगळं विरघळवते. हा जंतू मात्र व्हॅप-ए नावाचं प्रथिन काढून पिशवीचं आंबटपण रोखतो आणि तिथेच संसार थाटतो. नवलाची गोष्ट म्हणजे व्हॅप-एचं जनुक त्याच्यात सदासर्वदा उघडं नसतं. मातीत ते निवांत असतं. शरीराची ऊब आणि किंचित आम्लता मिळाली की जोमाने चालू होतं. म्हणजे एकाच पेशीच्या आत दोन जिवांची जनुकं एकाच वेळी चालू-बंद होत असतात, यजमानाची आणि पाहुण्याची. मोठ्या घोड्याच्या लिम्फोसाइट इंटरफेरॉन-गॅमा सोडून मॅक्रोफेजला ‘मार’ म्हणून बजावतात. शिंगराच्या शरीरात हा हुकूम पुरेशा जोराने निघत नाही.

या जंतूवर सर्वमान्य लस अजून हाती नाही. एरिथ्रोमायसिनच्या कुळातलं एखादं औषध आणि रिफॅम्पिसिन ही जोडी १९८० च्या दशकापासून वापरात आहे. रिफॅम्पिसिनचं नाव क्षयरोगाच्या उपचारातून घरोघरी ठाऊक आहे, आणि ते योगायोगाने नाही, कारण क्षयाचा जंतूही मॅक्रोफेजमध्येच घर करतो. अमेरिकेतल्या केंटकीच्या पैदास केंद्रांवर सगळ्या शिंगरांची सोनोग्राफी करून बारीकशी गाठ दिसली तरी ही जोडी सुरू करायची प्रथा पडली. अनेक शिंगरं औषधाविनाही बरी झाली असती. परिणाम व्हायचा तोच झाला. दोन्ही औषधांना दाद न देणारे जंतू त्या मातीत रुजले. कुठल्या शिंगराची मॅक्रोफेज स्वतःच जंतूला पुरी पडते आहे आणि कुठल्याची हार खाते आहे, हे जनुकांच्या हालचालीवरून लवकर ओळखता आलं तर औषध मोजक्याच शिंगरांना द्यावं लागेल. या संशोधनाचा सर्वांत रोकडा उपयोग दिसतो तो इथे. आणि ऱ्होडोकॉकस माणसालाही सोडत नाही. प्रतिकारशक्ती खचलेल्या, विशेषतः एड्सच्या रुग्णांत तो आढळला आहे.

आता आपल्याकडे.

भारतात जनावरांच्या रोगांवर सरकारी प्रयोगशाळा पहिल्यांदा उभी राहिली ती पुण्यात, १८८९ च्या डिसेंबरात, तिथल्या सायन्स कॉलेजात. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचं मूळ तेच. पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या सर्रा रोगावर काम केलं, कारण लष्कर घोड्यावर चालत होतं. काही वर्षांत प्रयोगशाळा मुक्तेश्वरला हलली. घोड्याची गरज ओसरली तसं घोड्याचं विज्ञानही कोपऱ्यात गेलं. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून जेमतेम ३.४ लाख उरले होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत ४५ टक्क्यांहून जास्त घट. गाढवांची घट तर ६१ टक्के. इतक्या थोड्या जनावरांवर एवढा खर्च कशाला, हा प्रश्न कुणीही विचारेल, आणि तो गैर नाही.

त्याचं एक उत्तर २००६ ने दिलं आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात ग्लँडर्सने पुन्हा डोकं वर काढलं आणि पुढे तो देशात इतरत्र दिसला. हाही फुप्फुसाचा आणि नाकाचा रोग, जंतू हाही पेशीच्या आत दडून राहणारा, आणि माणसाला होणारा. उपाय एकच, लागण झालेलं जनावर मारून पुरणं. घोडा ज्याची रोजीरोटी आहे त्याच्या दारात हा उपाय घेऊन जाणं म्हणजे काय, हे पशुसंवर्धन खात्यातल्या माणसांना विचारावं. दुसरं उत्तर सापाचं. सर्पदंशावरचं प्रतिविष आजही घोड्याच्या रक्तातूनच येतं. हाफकिन संस्थेचे घोडे त्यासाठी पिंपरीत पोसले गेले. ज्या जनावराच्या प्रतिकारशक्तीवर खेड्यापाड्यातले जीव वाचतात तिच्याबद्दल एवढी बेफिकिरी शहाणपणाची नाही. तिसरं उत्तर थेट माणसाच्या छातीचं आहे. घोड्याच्या गवतातले उष्णताप्रेमी जिवाणू शेतकऱ्यांच्या फुप्फुसालाही सूज आणतात. बुरसलेल्या उसाच्या चिपाडातून त्यांच्याच भाऊबंदांमुळे होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस असं नाव आहे, आणि चिपाडाचे ढीग कुठे असतात हे साखर कारखान्यांच्या राज्याला सांगायला नको.

मारवाडी घोड्याचा जनुकसंच २०१४ मध्ये वाचला गेला. त्याच्या आत वळलेल्या डौलदार कानांशी जोडलेलं एक जनुक त्यातून पुढे आलं. छान झालं. कानांचं झालं, आता फुप्फुसाचं बघू. नुकतीच भीमथडी घोड्याला कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मराठ्यांच्या फौजेत गाजलेला हा लहान चणीचा, काटक घोडा आज प्रामुख्याने धनगरांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे फिरत्या तळांबरोबर, ओझी वाहत चालतो. मान्यतेच्या निमित्ताने अभिमानाचे लेख आले, तट्टाच्या पाठीवरून साम्राज्य उभं राहिल्याच्या ओळी आल्या. त्याच्या शरीराचं आतलं कामकाज कसं चालतं, असं मात्र फार कुणी विचारलं नाही.

विचारायला हवं, कारण महाराष्ट्रात एक प्रयोग न मांडताच मांडला गेला आहे. पुण्याच्या रेसकोर्सवर थरोब्रेड आहेत: बंद थान, वाळलं गवत, ठरलेली चंदी, आणि सरावात मिनिटाला दीड हजार लिटरच्या वर हवा ओढणारं फुप्फुस. भरधाव दौडीत त्यांच्यातल्या बहुतेकांच्या फुप्फुसात कमीअधिक रक्तस्राव होतो आणि सांडलेलं रक्त गिळून मॅक्रोफेज लोहाने भरून जातात. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तिथे घोडे राबतात, जांभ्याच्या लाल धुळीत, उन्हाळाभर प्रवाशांना पाठीवर घेऊन. आणि तिसरे भीमथडी. ते वर्षभर उघड्यावर. पावसाळा संपला की वाड्याबरोबर घाट उतरून कोकणात, पाऊस तोंडावर आला की परत देशावर. पेंढीचं गवत त्यांच्या वाट्याला क्वचित, चार भिंतींचा तबेला जवळजवळ नाहीच. दीड-दोनशे किलोमीटरच्या टापूत तीन तऱ्हांची फुप्फुसं आहेत. तबेल्यात न राहिलेल्या, पण उघड्यावरच्या मातीच्या धुळीत वाढलेल्या घोड्याची मॅक्रोफेज कुठली जनुकं उघडी ठेवते? बुरशीच्या धुळीची सूज आणि मातीच्या धुळीची सूज यांत फरक पडतो का? बर्नला किंवा डेव्हिसला हा प्रश्न आपल्या अंगणात बसून सोडवता यायचा नाही, त्यांच्याकडे भीमथडी नाहीत.

यंत्रांची अडचण सांगितली जाईल. पेशींवर काम करणारं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र पुण्यातच आहे, परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, हिसारला अश्वांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे. या तिघांनी एका टेबलाशी बसायला दिल्लीची परवानगी लागत असेल तर ती मागावी. शर्यतींवर लागणाऱ्या पैजांतून सरकारी तिजोरीत कर जमा होतो. त्यातला एक बारीक वाटा घोड्याच्या फुप्फुसावर खर्च करायला हरकत घेणारा अर्थमंत्री विरळाच. पैशांपेक्षा अवघड गोष्ट आहे ती विश्वासाची. ज्याचा सगळा प्रपंच घोडीच्या पाठीवर आहे, त्याने तिच्या नाकात तीन मीटर नळी का घालू द्यावी? गुंगी उतरेपर्यंत घोडी उपाशी आणि जागच्या जागी ठेवावी लागणार, म्हणजे वाड्याचा निदान अर्धा दिवस मोडणार. त्या दिवसाचा मोबदला, सगळ्या घोड्यांना जंताचं औषध, खुरांची देखभाल आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी हे नमुना घेण्याआधी द्यायचं, नंतर नाही. रक्ततपासणीत दोष निघाला तर काय होईल, हेही आधीच स्पष्ट सांगायचं आणि भरपाईची रक्कम कागदावर दाखवायची. पुढे निष्कर्ष निघाले की ते मराठीत, त्या वाड्यांना कळतील अशा शब्दांत सांगायचे.

आणि वेळ निवडायची ती दिवाळीच्या आगेमागे, वाडे घाट उतरण्याआधी, म्हणजे देशावरच्या हवेतला पहिला नमुना हाती येईल. दुसरा कोकणातून परतताना, जूनच्या तोंडावर. घोडी तीच हवी.